स्पिंडल चालतो नीट, थांबताना मात्र ट्रिप होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनं टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ), एसी स्पिंडल मोटर, ती चालवणारा ४०० व्होल्टचा ड्राइव्ह. ३००० आरपीएमपर्यंत मशीन कुरकुर न करता चालतं. पण २५०० वरून एम०५, म्हणजे स्पिंडल थांबवायचा कोड, दिला की डीसी बसचा (ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याचा) ओव्हरव्होल्टेज अलार्म येतो. १५०० वरून थांबवलं तर काही होत नाही. ड्राइव्ह दुरुस्तीला जाऊन आला, तरी दोष तसाच. थांबायची वेळ ४ सेकंदांवरून १० सेकंद केली की अलार्म गायब. मग दोष ड्राइव्हमध्ये की मोटरमध्ये, आणि वेळ वाढवून मशीन असंच चालवलं तर चालेल का?

निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आलंय. १५०० वरून थांबतो, २५०० वरून अडतो, वेळ वाढवली की सुटतो. ही लक्षणं मोटर खराब झाल्याची नाहीत, आणि ड्राइव्हच्या कार्डाचीही सहसा नसतात. ब्रेक लावताना मोटरकडून परत येणारी ऊर्जा जिथे खपायला हवी तिथे पुरेशी खपत नाहीये, एवढाच त्यांचा अर्थ. अलार्म ड्राइव्हवर दिसतो म्हणून जो तो आधी ड्राइव्ह उतरवतो. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. ड्राइव्ह बेंचवर तपासायचा, तिथे तो ठणठणीत असायचा, परत बसवला की पहिल्याच एम०५ ला तोच अलार्म. बेंचवर जॉब पकडणारं जड चक फिरत नसतं ना!

थोडं गणित करू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चक, स्पिंडल आणि मोटरचा रोटर मिळून जडत्व ०.५ किलोग्रॅम चौरस मीटर धरा. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन. जडत्वाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे जवळपास २४,७०० जूल. एवढी ऊर्जा ४ सेकंदांत काढायची तर सरासरी ६.२ किलोवॅट होतात. पण वेग एकसारखा उतरवला तर पहिल्या क्षणी याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १२.३ किलोवॅट परत येतात. आता बसमधले कपॅसिटर किती झेलतात ते बघा. ४०० व्होल्ट एसीवर बस ५६६ व्होल्टवर असते. कपॅसिटर ४००० मायक्रोफॅरडचा असेल आणि बस ७८० पर्यंत चढू दिली, तर त्यात फक्त ५७६ जूल मावतात. २४,७०० पैकी ५७६! १२.३ किलोवॅटच्या हिशोबाने हा साठा ५० मिलिसेकंदांच्या आत भरतो. उरलेली सगळी ऊर्जा बाहेर काढावीच लागते. ती एकतर रेझिस्टन्समध्ये जाळायची, नाहीतर लाइनमध्ये परत पाठवायची. ही वाट अडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ड्राइव्ह ट्रिप होतो.

म्हणून पॅनेल उघडायच्या आधी मशीनच्या पुढ्यात उभं राहून एक चाचणी करा. चकमध्ये जॉब नको, जॉ (चकचे जबडे) नीट बसलेले, दरवाजा बंद. ५०० आरपीएमपासून सुरू करून २५० च्या पायरीने वर जा, प्रत्येक वेगावरून एम०५ द्या आणि नेमक्या कोणत्या आरपीएमवर अलार्म येतो ते लिहून ठेवा. मग थांबायची वेळ बदलून तीच चाचणी पुन्हा करा. ४ सेकंदांना समजा २००० वर ट्रिप होत असेल, तर ५ सेकंदांना ती हद्द २५०० च्या आसपास सरकली पाहिजे. तशी सरकली तर प्रश्न ऊर्जा खपवण्याच्या कुवतीचा आहे, यात शंका ठेवू नका. वेळ बदलूनही हद्द तिथेच राहिली, किंवा एकदा १२०० ला आणि एकदा २८०० ला अशी उड्या मारत राहिली, तर रेझिस्टन्सचा नाद सोडा. तिथे फीडबॅक (वेग मोजून ड्राइव्हला कळवणारा सिग्नल), लाइन किंवा बस व्होल्टेज मोजणारं सर्किट बघायचं. मात्र ड्राइव्हमधली वेळ शून्य ते कमाल वेग अशी मोजलेली असेल तरच हा हिशोब बसतो. काही ड्राइव्ह कुठल्याही वेगावरून तेवढीच वेळ घेतात, तिथे पॉवर वेगाच्या वर्गाने वाढते. मोटरच्या बेस स्पीडच्या (पूर्ण टॉर्क मिळतो त्या कमाल वेगाच्या) वर टॉर्कही कमी पडतो, त्यामुळे तिथे आकडे थोडे मागेपुढे होतात.

आता हेच तुमच्या मशीनला लावू. रेझिस्टन्स ४० ओहमचा असेल तर ७८० व्होल्टला १९.५ अँपिअर आणि १५.२ किलोवॅट. म्हणजे वरच्या १२.३ किलोवॅटना पुरून उरतो. हे ४० ओहम पुष्कळदा ८० ओहमचे दोन तुकडे समांतर जोडून केलेले असतात. त्यातला एक तुटला की राहिले ८० ओहम, म्हणजे ७.६ किलोवॅट. ४ सेकंदांच्या उतारावर ही कुवत साधारण १८५० आरपीएमला संपते. बेल्ट, बेअरिंग आणि मोटरच्या तांब्यात थोडी ऊर्जा आपोआप मरते, तेवढी हद्द वर जाते. १५०० ला पास, २५०० ला नापास! आणि १० सेकंदांना ३००० वरूनही पहिल्या क्षणी जेमतेम ५ किलोवॅट येतात, म्हणून अलार्म गायब. रेझिस्टन्स पूर्ण तुटला असता तर तुमचं मशीन ५०० आरपीएमच्या आसपासच बोंबललं असतं, १५०० पर्यंत पोहोचलंच नसतं. तुमच्या मशीनचं खरं जडत्व मला ठाऊक नाही, पण लक्षणांचा घाट हाच आहे. माझा पहिला संशय रेझिस्टन्सच्या डब्यावर.

डबा उघडायच्या आधी एक सांगतो, यात घाई करू नका. मेन बंद केल्यावरही बसवर ५०० व्होल्टच्या वर चार्ज राहतो. ड्राइव्हवरच्या स्टिकरवर लिहिलेला डिस्चार्जचा वेळ पूर्ण जाऊ द्या आणि मग बसच्या दोन टोकांवर मीटर लावून स्वतः खात्री करा. चार्जचा छोटा दिवा विझला म्हणून हात घालू नका. जुन्या ड्राइव्हमध्ये दिवाच गेलेला असतो. मीटर १००० व्होल्टचा आणि चांगल्या प्रोबचा हवा. रेझिस्टन्स नुकताच वापरात असेल तर त्याचा पत्रा हात भाजण्याइतका तापलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

रेझिस्टन्स मोजताना एक टोक सोडवूनच मोजा, नाहीतर ड्राइव्हमधलं बाकीचं सर्किट मीटरमध्ये येतं. वाचन प्लेटवरच्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत हवं. तुमच्याकडे ते दुप्पट आलं, तर शोध तिथेच संपला. पण वाचन बरोबर आलं म्हणून रेझिस्टन्स निर्दोष, असं समजू नका. तार गुंडाळलेल्या रेझिस्टन्सला बारीक चीर असते. थंड असताना टोकं टेकलेली, तापला की प्रसरणाने वेगळी. मीटर लावून ठेवा आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोका, आकडा उडी मारतो का पाहा. टर्मिनलचे बोल्ट बघा. रेझिस्टन्स बहुधा पॅनेलच्या माथ्यावर किंवा मशीनच्या पाठीमागे असतो, तिथे ऑइल मिस्ट आणि धूळ बसते आणि तापून-निवून बोल्ट ढिले होतात. लगच्या क्रिंपखाली तार काळी पडली असेल तर तो लग कापून नवा लावा, नुसता आवळू नका. मग ड्राइव्हकडच्या दोन्ही तारा सोडवून रेझिस्टन्स ते अर्थ मेगर करा, म्हणजे उच्च व्होल्टेजने इन्सुलेशन मोजा. ओल्या बुरशीने रेझिस्टन्स अर्थला टेकलेला असेल तर ब्रेकच्या वेळी ओव्हरव्होल्टेजऐवजी ग्राउंड फॉल्ट किंवा ओव्हरकरंट दिसतो, आणि माणूस मोटरचं वाइंडिंग शोधत बसतो.

मूळचा रेझिस्टन्स मिळाला नाही की लोक हाताला लागेल तो लावतात. वॅट जास्त चालतील, ओहम कमी चालणार नाहीत. ४० च्या जागी २० ओहम लावला तर ७८० व्होल्टला ३९ अँपिअर चॉपरच्या, म्हणजे बस चढली की रेझिस्टन्स जोडणाऱ्या स्विचच्या, ट्रान्झिस्टरमधून जातात. त्याची झेप तेवढी नसते, तो पहिल्या काही ब्रेकमध्येच जातो. ओहम जास्त झाले तर काही जळत नाही, फक्त आज तुम्हाला येतोय तो अलार्म येत राहतो. सतत किती वॅट लागतील हे जॉबवर ठरतं. वरच्या उदाहरणात दर ३० सेकंदांना एकदा ३००० वरून थांबायचं असेल तर सरासरी ८२० वॅट झाले. ५०० वॅटचा रेझिस्टन्स पहिले दहा जॉब काढेल, पुढे जास्त तापल्यावर सर्किट तोडणारा त्याचा थर्मल स्विच उघडेल.

या थर्मल स्विचने मला एकदा चार दिवस नाचवलं होतं. दुसऱ्या पाळीत, सात-आठ वाजताच, स्पिंडल थांबताना इनेबल (ड्राइव्हला चालू राहायची परवानगी देणारा सिग्नल) जायचं आणि चक मोकळा गरगरत राहायचा. मी पोहोचून पॅनेल उघडेपर्यंत वीस मिनिटं गेलेली, सगळं सुरळीत. शेवटी त्या स्विचच्या तारेवर स्वतःला धरून ठेवणारा एक छोटा रिले टाकला, एकदा तुटला की हाताने सोडवेपर्यंत तुटलेलाच राहील असा. त्याच संध्याकाळी चोर सापडला. चिप्स पडू नयेत म्हणून कोणीतरी रेझिस्टन्सच्या जाळीवर पत्रा आडवा टाकला होता. हवा बंद, उष्णता आत. पत्रा काढला, काम झालं. चार दिवस मी ड्राइव्हची कार्डं अदलाबदल करत होतो.

रेझिस्टन्स आणि त्याच्या तारा पक्क्या ठीक निघाल्या तर पुढचा नंबर चॉपरचा. हा ट्रान्झिस्टर दोन तऱ्हांनी मरतो. शॉर्ट झाला तर रेझिस्टन्सला बस कायम जोडलेली राहते. मशीन नुसतं ऑन केलं, स्पिंडल फिरलाही नाही, तरी रेझिस्टन्स तापतो. बऱ्याच ड्राइव्हमध्ये बस चार्जच होत नाही आणि प्रीचार्जचा अलार्म येतो. ओपन झाला, किंवा त्याच्या गेटला पल्सच येत नसेल, तर रेझिस्टन्स थंडगार राहतो आणि अगदी कमी वेगावरूनही ट्रिप होतो. म्हणजे रेझिस्टन्स किती तापतो हेच निम्मं निदान. लेझरच्या थर्मामीटरने पाच ब्रेकच्या आधी आणि नंतर तापमान घ्या. अजून नेमकं हवं असेल तर रेझिस्टन्सच्या एका तारेवर डीसी क्लॅम्प मीटर पीक होल्डवर लावा. साधा मीटर इथे उपयोगाचा नाही, ५० मिलिसेकंदांत झालेली गोष्ट त्याला दिसतच नाही. ट्रान्झिस्टर मीटरच्या डायोड रेंजवर तपासता येतो, पण जुने डार्लिंग्टन मॉड्यूल मीटरवर चांगले दाखवून लोडवर दगा देतात. करंट दिसला का, याच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि चॉपर गेलेला असेल तर त्याच्या जोडीची फ्रीव्हीलिंग डायोड (चॉपर बंद होताना रेझिस्टन्सच्या तारांतल्या करंटला वाट देणारी) बघितल्याशिवाय नवा घालू नका. ती ओपन असेल तर नवाही फार टिकणार नाही.

तुमच्या ड्राइव्हसारखे दुरुस्त होऊन आलेले ड्राइव्ह असतील तर अजून एक गोष्ट तपासतो. डिस्प्लेवर बस व्होल्टेज बघायची सोय असेल तर तो आकडा आणि बसवर लावलेल्या मीटरचा आकडा जुळवून बघा. कार्डावर बस व्होल्टेज मोजायला मोठ्या किमतीच्या रेझिस्टन्सची मालिका असते. वर्षानुवर्षं तापून त्यातल्या एखाद्याची किंमत सरकते. मीटर ५७० दाखवतो आणि ड्राइव्हला वाटतं ६४०. मग ४०० व्होल्ट वर्गातल्या बऱ्याच ड्राइव्हची ८०० ते ८२० व्होल्टची ट्रिप हद्द खऱ्या ७१५-७३० ला येते. चॉपरही त्याच खोट्या आकड्यावर चालत असेल तर तो बिचारा लवकर सुरू होतो आणि उलट जास्तच तापतो. पण काही ड्राइव्हमध्ये चॉपर आणि ट्रिप यांची मापनं वेगळी असतात, आणि खरी पंचाईत तिथे होते. चॉपर चालू व्हायच्या आत ट्रिप येतो.

लाइनचं व्होल्टेज हे दुर्लक्षित कारण आहे. ३८० व्होल्टवर बस ५३७ असते, ४४० वर ६२२. ३८० साठी बनवलेल्या जुन्या मशीनला ट्रान्सफॉर्मरचा योग्य टॅप न लावता जास्त व्होल्टेजवर जोडलेलं असेल तर ब्रेकसाठी उरलेली जागाच कमी होते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बाकीची मशीनं बंद असताना व्होल्टेज चढतं. अलार्म त्याच वेळांना येत असेल तर पॅनेलमध्ये काही शोधायच्या आधी इनकमिंगवर मीटर लावून ठेवा. बसचे कपॅसिटर जुने झाले असतील तरी आधी अशीच कुरकुर सुरू होते. साठा निम्मा झाला की ५० मिलिसेकंदांचे २५ होतात. झडप फुगलेली किंवा बुडाशी चिकट ओल असलेला कपॅसिटर मोजत बसू नका, बदला. वर्षानुवर्षं बंद असलेल्या ड्राइव्हला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नका, व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढवा.

इथपर्यंतचं सगळं रेझिस्टन्सवाल्या ड्राइव्हला लागू आहे. तुमचा तसाच आहे का, हे आधी नक्की करा. फॅनुकच्या अल्फा मालिकेत पीएसएम नावाचं पॉवर सप्लाय मॉड्यूल लाइनमध्ये ऊर्जा परत पाठवतं आणि पीएसएमआर रेझिस्टन्समध्ये जाळतं, नावातला एकच अक्षर वेगळा. सीमेन्सच्या ६११ मध्येही साधं अनरेग्युलेटेड सप्लाय मॉड्यूल पल्स रेझिस्टरवर चालतं, तर दुसरं लाइनला परत देतं. फॅनुकच्या स्पिंडल मॉड्यूलवर ११ आणि पीएसएमवर ७ हा अलार्म दिसला तर दोन्हींचा अर्थ डीसी लिंक ओव्हरव्होल्टेज असाच.

परत देणाऱ्या ड्राइव्हमध्ये लाइनच ब्रेकिंगचा रेझिस्टन्स असते. त्यामुळे मेन कॉन्टॅक्टरचे जळके कॉन्टॅक्ट, ढिलं टर्मिनल, लांब आणि बारीक केबल, तिन्हींतला एखादा फेज अर्धवट, यातलं काहीही झालं की मशीन चालताना कुरकुर नाही, थांबताना मात्र ट्रिप. चालताना फेज थोडा कच्चा असला तरी कपॅसिटर सांभाळून घेतात. परत देताना सांभाळणारं कोणी नसतं. अजून जुन्या, थायरिस्टरने (गेटवरच्या पल्सने चालू होणाऱ्या पॉवर स्विचने) परत देणाऱ्या एसी स्पिंडल ड्राइव्हमध्ये परतीच्या वाटेवर वेगळा फ्यूज असतो. तो उडालेला असला तरी मोटर झकास पळते. म्हणून सगळे फ्यूज काढून मोजायचे, नुसते बघायचे नाहीत.

डीसी स्पिंडलची गोष्ट निराळी, आणि मला तीच जास्त आवडते, कारण ती मीटरशिवायही बरंच सांगते. तिथे उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर ब्रिज असतात, एकूण १२ थायरिस्टर. पुढे फिरवायला पहिला ब्रिज, पुढे फिरताना ब्रेक लावायला दुसरा. उलटं फिरवायला दुसरा, उलट्या दिशेचा ब्रेक लावायला पहिला. मग एम०३ (पुढे फिरवायचा कोड) वर वेग छान घेतो पण थांबताना धक्के देतो, आणि एम०४ (उलटं फिरवायचा कोड) वर वेग घेतानाही तसेच धक्के देतो, पण थांबतो मऊ, तर दुसऱ्या ब्रिजमधला एखादा थायरिस्टर किंवा त्याची गेट पल्स गेलेली आहे. स्कोप लावायच्या आधी एम०३ आणि एम०४ ने चार वेळा फिरवून बघा, शोध १२ वरून ६ वर येतो. एसी ड्राइव्हमध्ये दोन्ही दिशांची ऊर्जा एकाच बसमध्ये येते. तिथे एकाच दिशेने थांबताना दोष येत असेल तर रेझिस्टन्सला दोष देऊ नका, फीडबॅककडे किंवा यांत्रिक भागाकडे जा.

याच डीसी ड्राइव्हमध्ये वेगावरून थांबताना धडाम करून फ्यूज उडतात. कारण असं की ब्रेकच्या वेळी ब्रिज इन्व्हर्टरसारखा चालतो आणि एक थायरिस्टर बंद करून दुसरा चालू करायला लाइनच्या व्होल्टेजचा आधार लागतो. नेमक्या त्या क्षणी लाइन दबली किंवा एक फेज गेला, तर आधीचा थायरिस्टर बंदच होत नाही, आर्मेचरचा स्वतःचा व्होल्टेज आणि लाइन एकाच दिशेने करंट ढकलतात, आणि फ्यूज जातात. फ्यूज वेगात उडाले म्हणजे त्यांनी आपलं काम केलं. त्यांच्या जागी साधे फ्यूज टाकू नका. सेमीकंडक्टरसाठीचे जलद फ्यूजच हवेत, नाहीतर पुढच्या वेळी थायरिस्टर फ्यूजचं काम करतील. मोटरचे ब्रश आणि टॅकोचे (वेग मोजणाऱ्या छोट्या जनरेटरचे) ब्रशही याच वेळी बघून घ्या. टॅकोच्या ब्रशखाली कार्बनची भुकटी साचली की वेग उतरताना सिग्नल तुटतो आणि ड्राइव्ह गोंधळतो.

एम०५ ला काही होत नाही, पण इमर्जन्सी दाबली की अलार्म येतो किंवा फ्यूज जातो, अशी तक्रार आली तर ड्राइव्ह बघूच नका, इमर्जन्सीचं रिले सर्किट बघा. आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबण्याचे तीन वर्ग आहेत. वर्ग ० म्हणजे पॉवर ताबडतोब तोडणं, वर्ग १ म्हणजे आधी ताब्यात थांबवून मग पॉवर तोडणं, वर्ग २ मध्ये थांबल्यावरही पॉवर चालू राहते. जड स्पिंडलला वर्ग १ लागतो. जुन्या मशीनमध्ये हे काम एक ऑफ-डिले टायमर करतो, ड्राइव्ह स्पिंडल थांबवेपर्यंत तो मेन कॉन्टॅक्टर धरून ठेवतो. पंधरा-वीस वर्षांत तो टायमर म्हातारा होतो. ६ सेकंद धरायचं ते १ सेकंदातच सोडतो. लाइनमध्ये ऊर्जा परत जात असतानाच लाइन तुटते. मी गेलो की आधी इमर्जन्सी दाबून कॉन्टॅक्टरचा टक आवाज किती सेकंदांनी येतो ते मोजतो. कधी कधी नवीन टायमर टाकणाऱ्याने तो ऑन-डिले टाकलेला असतो, तेही पाहिलंय.

काही वेळा एम०५ दिलेलाच नसतो आणि तरी अलार्म येतो, ऑपरेटर म्हणतो जी०० मध्ये, म्हणजे हत्यार जलद सरकताना, येतो. जी९६ (व्यास बदलला तरी कापण्याचा वेग स्थिर ठेवणारा कोड) चालू असेल तर ते खरं आहे. फेसिंगमध्ये हत्यार केंद्राकडे गेलं की आरपीएम जी५० ने घातलेल्या कमाल हद्दीपर्यंत चढतं. मग हत्यार झटकन बाहेर येतं आणि मोठ्या व्यासासाठी स्पिंडलला एकदम उतरावं लागतं. तोही ब्रेकच. एका जॉबमध्ये असे चार-पाच ब्रेक लागत असतील तर रेझिस्टन्सला विश्रांतीच नाही. तात्पुरता उपाय म्हणून जी५० ची हद्द खाली आणा, ३००० ऐवजी २००० ठेवली तर वरची ऊर्जा निम्म्याहून कमी होते. चक बदललेला आहे का, हेही विचारा. २५० मिलिमीटरचा साधारण ३५ किलोचा चक आणि ३१५ चा साधारण ६० किलोचा, यांचं वजन पावणेदोन पट वाटतं, पण जडत्व जवळपास पावणेतीन पट होतं.

स्पिंडल थांबतो पण एम०५ पूर्ण होत नाही, एम१९ (स्पिंडल ठरावीक कोनात थांबवायचा कोड) लटकतं, टूल बदलत नाही, हे ब्रेकचं दुखणं वाटतं पण बहुधा शून्य वेगाच्या सिग्नलचं असतं. गिअरचे दात वाचणारा सेन्सर काढा, चुंबकावर चिकटलेली लोखंडी भुकटी पुसा, आणि पुस्तकात दिलंय त्याच अंतरावर फीलर गेज लावून बसवा. बेल्ट घसरत असेल तर मोटर थांबलेली आणि चक अजून फिरतोय असं दिसतं. दोन्ही पुलींवर खडूने खूण करा, चार वेळा थांबवा, खुणा सरकल्या का बघा. विद्युतचुंबकीय ब्रेक असलेल्या मशीनमध्ये कॉइलवर व्होल्टेज येतो का आणि लाइनिंग तेलकट झालंय का, एवढं बघितलं की काम होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वेळ वाढवून चालवायचं का. दोन दिवस, रेझिस्टन्स येईपर्यंत, हो. कायमचं, नाही. मी एकदा असंच १२ सेकंद करून सोडून दिलं होतं आणि काही महिन्यांनी उरलेला अर्धा रेझिस्टन्सही जळाला, कारण सगळा भार त्या एकट्यावर होता. शिवाय रिजिड टॅपिंगचा (स्पिंडल आणि फीड जुळवून आटे पाडण्याचा) उतार वेगळ्या पॅरामीटरवर चालतो, तिथे तुम्ही वाढवलेली वेळ लागूच होत नाही. टॅप भोकाच्या तळाशी असताना ड्राइव्ह ट्रिप झाला तर टॅपही जातो आणि जॉबही. इमर्जन्सीला १० सेकंद फिरत राहणारा चक हा वेगळाच धोका. मूळची वेळ कुठेतरी लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर ती परत भरायची आहे.

नवा रेझिस्टन्स बसवल्यावर पुन्हा तीच पायऱ्यांची चाचणी ४ सेकंदांवर करा, ३००० पर्यंत. दहा ब्रेकनंतर रेझिस्टन्सचं तापमान, थंड असतानाचे ओहम, स्पिंडल बंद असतानाचा बस व्होल्टेज आणि थांबायला लागलेले सेकंद एका कागदावर लिहून पॅनेलच्या दरवाजाच्या आत चिकटवा. आत्ता मात्र मशीन बंद करून डिस्चार्जचा वेळ जाऊ द्या, रेझिस्टन्सच्या डब्याचं झाकण काढा, आत किती तुकडे आहेत आणि ते एकापुढे एक जोडलेत की समांतर ते बघा, प्रत्येकाचं एक टोक सोडवून वेगवेगळं मोजा. एकही तुटलेला नसेल तर प्रत्येकाचे ओहम, ड्राइव्हच्या प्लेटवर लिहिलेले कमीत कमी ओहम आणि ४ व ५ सेकंदांना ट्रिप झालेला आरपीएम एवढं कळवा, मग चॉपरकडे वळू.